तत्त्वज्ञानात पीएचडी: ‘माझे चान्सेस किती?’ आणि त्याच्या आगेमागे येणारे नेहमीचे प्रश्न

ऑगस्ट संपत आला की मेल यायला लागतात. मजकूर थोड्याफार फरकाने तोच: बीएला एवढे, एमएला एवढे, नेट झालंय, अमेरिकेत तत्त्वज्ञानात पीएचडी करायचीय, ‘ताई, माझे चान्सेस किती?’ प्रत्येकाला नव्याने उत्तर देताना आपण तेच तेच लिहितोय हे लक्षात आलं, म्हणून हे पान. माझं भांडवल सांगून टाकते. पुण्यात एमए, मग अमेरिकेतल्या नऊ विभागांकडे अर्ज आणि नऊच्या नऊ नकार. नंतर तिकडेच दोन वर्षांचं फंडेड एमए आणि दुसऱ्या खेपेला चौदा अर्जांत दोन होकार. प्रवेश समितीवर मी कधी बसलेले नाही. उत्तरं मुख्यतः अमेरिकेबद्दल आहेत, कारण प्रश्न बहुतेक तिथलेच येतात.

गोल गोल नको. शक्यता किती टक्के?

नावाजलेल्या विभागात दर वर्षी दोनशे-तीनशे, काही ठिकाणी त्याहून जास्त अर्ज येतात आणि शेवटी वर्गात बसतात पाच ते आठ जण. काही जण दुसरीकडे जाणार हे धरून विभाग जागांपेक्षा जास्त होकार पाठवतो. म्हणजे ढोबळमानाने शंभरात तीन ते सहा. पण हा झाला विभागाचा आकडा.

तुमचा आकडा काढायचा तर आधी तुम्हाला कुठल्या रांगेत उभं करायचं ते ठरवावं लागेल. सगळ्या अर्जदारांच्या? भारतातून आलेल्यांच्या? एमए झालेल्यांच्या, नीतिशास्त्रवाल्यांच्या, की आधी एकदा नकार खाल्लेल्यांच्या? प्रत्येक रांगेचं उत्तर वेगळं, आणि तुम्ही एकाच वेळी सगळ्या रांगांत उभे आहात. जॉन व्हेन यांनी १८६६ मध्ये संभाव्यतेवर लिहिताना हीच अडचण मांडली होती. वर्तुळांच्या आकृत्यांवाले व्हेन ते हेच.

मला यात नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांची, भाषा जास्त उपयोगी वाटते. ‘जिथे धूर तिथे आग’ ही व्याप्ती (कायम सोबत असण्याचा नियम) टिकते. ‘जिथे आग तिथे धूर’ टिकत नाही, कारण तिथे ओल्या सरपणाची उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट, लपलेली असते. ‘जिथे पंच्याऐंशी टक्के तिथे प्रवेश’ हे विधान या दुसऱ्या जातीचं आहे. आग पुष्कळांकडे असते. धूर निघायला लागणारं ओलं सरपण म्हणजे रायटिंग सँपल, अर्जासोबत जोडायचा तुमचा निबंध, आणि मेलमध्ये त्याबद्दल कुणी अवाक्षर लिहीत नाही.

समजा प्रत्येकी तीन टक्के. बारा ठिकाणी अर्ज केला तर कुठेतरी लागेलच ना?

हिशेब असा मांडतात: एका ठिकाणी नकाराची शक्यता ०.९७, ती बारा वेळा गुणली की साधारण ०.६९, म्हणजे निदान एक होकार येण्याची शक्यता तीस टक्के. गुणाकार बरोबर आहे, पण तो बारा घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच चालतो. तुमचं तेच सँपल आणि प्राध्यापकांची तीच तीन शिफारसपत्रं बाराही ठिकाणी जाणार आहेत. ही लॉटरीची बारा तिकिटं नाहीत, एकच तिकीट बारा दुकानांत दाखवणं आहे. माझे पहिले नऊ नकार ही नऊ दुर्दैवं नव्हती. एकच कच्चा निबंध नऊ वेळा परत आला.

अगदीच एकसारखं नसतं, हेही खरं. एखाद्या विभागात कांटवर काम करणारे तीन विद्यार्थी आधीच असतात, दुसरीकडे तुम्हाला हवे ते प्राध्यापक त्याच वर्षी निवृत्त होतात. म्हणून पाचापेक्षा बारा बरे. बाराचे वीस मात्र करू नका. ते पैसे आणि तो महिना सँपलला द्या.

एमएला ६३ टक्के आहेत. संपलं का?

नाही. आपल्याकडे साठला प्रथम श्रेणी मिळते हे तिकडच्या वाचणाऱ्याला माहीत असेलच असं नाही, आणि नुसतं ६३ पाहिलं तर त्याला ते काठावरचं वाटू शकतं. म्हणून टक्क्यांचं चारच्या स्केलवर स्वतःच्या हाताने रूपांतर करू नका. बहुतेक ठिकाणी मूळ मोजमापातच मागतात. एखाद्या प्राध्यापकांना पत्रात एक वाक्य घालायला सांगा: आमच्या विभागात साठच्या वर किती जण जातात. मार्क चाळणीचं काम करतात. फार कमी असले तर फाइल बाजूला पडते, बरे असले तर पुढे सरकते, आणि पुढच्या फेरीत कुणी त्यांच्याकडे फारसं बघत नाही. कमी मार्क नेमके तर्कशास्त्रात असले तर मात्र बघतात.

तीन वर्षांच्या बीएचं वेगळं. काही विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. बीएवर एमए असेल तर सहसा अडत नाही. फक्त बीए असेल तर फी भरण्याआधी मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

रायटिंग सँपल म्हणजे नक्की काय? एमएचा प्रबंध चालेल?

डबल स्पेसमध्ये साधारण पंधरा ते वीस पानांचा, एकाच प्रश्नावरचा निबंध. पानांची मर्यादा प्रत्येक विभागाची वेगळी असते आणि ती पाळायची असते.

प्रबंध जसाच्या तसा चालणार नाही. आपल्या प्रबंधांचा साचा तुम्हाला ठाऊक आहे: ‘अमुक यांचा तमुक विचार: एक चिकित्सक अभ्यास’. पहिल्या प्रकरणात जीवनपट, दुसऱ्यात पार्श्वभूमी, तिसऱ्यात विचार, चौथ्यात टीकाकार, आणि पाचव्यात दोन्ही बाजूंत तथ्य आहे असं म्हणून आभार. आता पलीकडचं चित्र पाहा. अडीचशे फायली, प्रत्येकी वीस पानं, म्हणजे पाच हजार पानं. वाचणारे चार-पाच प्राध्यापक, जानेवारीचा महिना, स्वतःचे वर्ग सांभाळून. कांट कोनिग्सबर्गमध्ये जन्मले आणि शेवटपर्यंत त्याच भागात राहिले हे सांगण्यात तुम्ही दोन पानं घालवलीत, तर तिसरं पान वाचलं जाईल याची खात्री नाही.

त्यांना हवा असतो एक छोटा दावा. तो का मानायचा, त्यावर सगळ्यात जड आक्षेप कोणता, आणि त्या आक्षेपाचं तुम्ही काय करता. गंमत अशी की ही रीत आपल्याला परकी नाही. पूर्वपक्ष, खंडन, सिद्धान्त. आणि पूर्वपक्ष असा मांडायचा की पूर्वपक्षवाल्यालाही तो मान्य व्हावा. आपल्या आजच्या प्रबंधापेक्षा जुनी शास्त्रार्थाची पद्धत या सँपलला कितीतरी जवळची आहे.

माझं उदाहरण देते. पहिलं सँपल होतं शब्दप्रमाण (दुसऱ्याच्या सांगण्यातून होणारं ज्ञान) आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसा यांची तुलना. सगळी, वीस पानांत! दुसऱ्या खेपेला विषय तोच, प्रश्न मात्र एवढाच: सांगणाऱ्याला स्वतःला जे माहीत नाही, ते त्याच्या सांगण्यातून ऐकणाऱ्याला कळू शकतं का? आप्त, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर विसंबावं असा माणूस, कुणाला म्हणायचं, याबद्दलचं नैयायिकांचं म्हणणं त्यात दीड पानात आलं, तेही आक्षेप म्हणून, आणि पहिल्या निबंधात ते बारा पानं खाऊन जे करू शकलं नव्हतं ते त्या दीड पानात झालं.

सँपल तयार आहे का हे तपासायला मी एक गावठी चाचणी वापरते. तत्त्वज्ञानाशी संबंध नसलेल्या मित्राला टपरीवर चहा पाजा आणि तुमचा दावा दोन वाक्यांत सांगा. तो ‘बरं, मग?’ म्हणाला तर दावा नाही. ‘असं कसं?’ म्हणाला तर आहे.

सर म्हणाले, ‘शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो.’ काय करू?

हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही, पण येतो सगळ्यांनाच. तीन सरांनी तसं सांगितलं आणि तिन्ही पत्रं तुम्ही लिहिलीत, तर तिन्हींत विशेषणं तीच, वाक्यांची लांबी तीच, आणि स्वतःच्या कौतुकाचा संकोचही तोच. शेकडो पत्रं वाचणाऱ्याला ते कळतं. अर्जात आपण पत्र पाहण्याचा हक्क सोडत असल्याची खूण केलेली असते, हा खोटेपणा वेगळाच.

नाही म्हणणं सोपं नसतं. मी असं केलं: पत्राऐवजी दोन पानांचं टिपण नेलं. तुमच्या वर्गात मी कुठला निबंध लिहिला, तुम्ही त्यावर काय शेरा मारला होता, त्यानंतर मी काय बदललं, कुठल्या तासाला आपला वाद झाला होता. सरांना यातलं बरंच आठवत नव्हतं, वाचल्यावर आठवलं, आणि पत्र त्यांनीच लिहिलं. सगळेच असं करतील असं नाही. एका ठिकाणी तर माझं टिपण तसंच खाली सही करून अपलोड झालं.

आपल्याकडच्या पत्रांत ‘अभ्यासू, नम्र, कष्टाळू, शिस्तप्रिय’ ही चार विशेषणं असतात. तिकडच्या वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की या प्राध्यापकांना विद्यार्थी फारसा आठवत नाही. चांगलं पत्र दीड-दोन पानांचं असतं, त्यात तुमच्या एखाद्या युक्तिवादाचं वर्णन असतं आणि तुलना असते: गेल्या दहा वर्षांतल्या माझ्या विद्यार्थ्यांत ही पहिल्या तिघांत. नम्रतेला इथे गुण नाहीत. खासदार, कुलगुरू, काकांच्या ओळखीचे आयएएस यांच्या पत्रालाही नाहीत.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी, पण अर्ज अडवणारी गोष्ट. अनेक ठिकाणी पत्रलेखकाचा संस्थेचा मेल पत्ता लागतो, आणि आपले निम्मे प्राध्यापक जीमेल वापरतात. संस्थेचा पत्ता असला तर त्याचा पासवर्ड ऑफिसातल्या कुणाकडे तरी असतो. ऑक्टोबरातच हे मार्गी लावा. पत्र अपलोड करायची लिंक स्पॅममध्ये जाते. सरांना मुदतीच्या दहा दिवस आधी एकदा आणि तीन दिवस आधी एकदा आठवण करणं हा उद्धटपणा नाही.

एसओपीची (स्टेटमेंट ऑफ पर्पज, अर्जातलं उद्देशपत्र) सुरुवात कशी करावी?

‘लहानपणापासून मला जगाबद्दल प्रश्न पडत’ अशी करू नका. कुठल्या प्रश्नावर काम करायचंय, आतापर्यंत काय केलंय, या विभागात ते का जमेल, दीड-दोन पानं. कुठल्यातरी चॅटबॉटकडून लिहून घेतलेली एसओपी गुळगुळीत असते आणि ती कुणाचीही असू शकते.

जीआरई?

ही प्रवेशपरीक्षा करोनाच्या काळात बहुतेक तत्त्वज्ञान विभागांनी सोडली आणि पुष्कळांनी परत आणली नाही. विभागाचं पान पाहा. टोफेल किंवा आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र लागतेच, आणि इंग्रजी माध्यमातून पदवी असल्यास ती माफ होते का हे ग्रॅज्युएट स्कूल ठरवतं, विभाग नाही.

माझं एमए मराठी माध्यमातून झालंय. अर्ज करण्यात अर्थ आहे का?

आहे, पण किमान एक वर्ष जास्त लागेल असं धरून चाला. सँपल इंग्रजीत लागतं आणि तो निबंध मराठीचा अनुवाद वाटून चालत नाही. त्या विषयावरचं गेल्या वीस-तीस वर्षांतलं लेखन वाचल्याशिवाय ती भाषा हाताला येत नाही. ‘सत्ताशास्त्र’ आणि ‘ज्ञानमीमांसा’ यांचे इंग्रजी प्रतिशब्द पाठ करणं हा त्यातला सोपा भाग. चालू वादात कुणी कुणाला काय उत्तर दिलंय हे ठाऊक असणं हा अवघड भाग, आणि तो इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांनाही अवघडच जातो.

भाषा अलंकारिक असायची गरज नाही. माझा मसुदा अडला की मी युक्तिवाद आधी मराठीत लिहून काढते, कारण मराठीत मला स्वतःची फसवणूक लवकर कळते. ‘परामर्श’सारख्या नियतकालिकात मराठी लेख छापून आला असेल तर सीव्हीत जरूर टाका, शीर्षकाच्या इंग्रजी अर्थासह. पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमधला लेख मात्र टाकू नका. तो नसलेला बरा.

मी इंजिनीअर आहे. तत्त्वज्ञानाची पदवी नाही.

दर तीन मेलमागे एक तुमचा असतो. गणित किंवा भौतिकशास्त्र पक्कं असेल तर ती जमेची बाजू आहे, पण दार बघून ठोठावा. पिट्सबर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा एक आणि विज्ञानाच्या इतिहास-तत्त्वज्ञानाचा एक, असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्व्हाइनला तर्कशास्त्र आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान यांचा वेगळा विभाग आहे. त्याच पिट्सबर्ग शहरात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात तर्कशास्त्र, संगणन आणि पद्धतिशास्त्र असा कार्यक्रम चालतो. अशा ठिकाणी तुमची फाइल कुणाला विचित्र वाटणार नाही. सँपलमधून सूट मात्र तिथेही नाही. चार यूट्यूब मालिका आणि स्टोइकांची दोन पुस्तकं एवढ्यावर ते लिहिता येत नाही. आधी कुठेतरी एमए करा, निदान पत्रं लिहू शकतील असे दोन प्राध्यापक मिळतील.

मला भारतीय तत्त्वज्ञानावर काम करायचंय. त्यांना नावीन्य वाटेल ना?

नावीन्य वाटेल, मार्गदर्शक मिळेल का ते बघा. अमेरिकेतल्या बहुसंख्य तत्त्वज्ञान विभागांत न्याय किंवा बौद्ध प्रमाणशास्त्र शिकवणारं कुणी नाही. हवाई विद्यापीठाची परंपरा जुनी आहे, तिथली पौर्वात्य-पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची परिषद १९३९ पासूनची. कॅनडात टोरांटोला जोनार्दन गनेरी आहेत, आणि त्यांचं अध्यासन ज्यांच्या नावाचं आहे त्या बिमल कृष्ण मतिलाल यांनी नव्यन्यायावरची पीएचडी हार्वर्डला केली आणि पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. याशिवाय पुष्कळ काम धर्म-अभ्यास किंवा दक्षिण आशिया विभागांत चालतं. तिथे संस्कृत लागतं, आणि ‘शाळेत शंभर मार्कांचं होतं’ या अर्थाने नाही.

आंबेडकर किंवा फुले यांच्यावर काम करायचं असेल तर राज्यशास्त्र, इतिहास, धर्म-अभ्यास हे विभागही यादीत घ्या. आंबेडकर स्वतः कोलंबियात जॉन ड्यूईंच्या तासांना बसले, त्यांचा ठसा आयुष्यभर वागवला, आणि डॉक्टरेट मात्र अर्थशास्त्रात घेतली.

विभागांची यादी कशी करू? क्रमवारी पाहू का?

विद्यापीठांची सर्वसाधारण क्रमवारी तत्त्वज्ञानात दिशाभूल करते. रटगर्स आणि पिट्सबर्ग ही नावं नातेवाइकांना काही सांगत नाहीत, पण आपल्या विषयात ती फार मोठी आहेत. ब्रायन लायटर यांनी १९८९ मध्ये सुरू केलेला ‘फिलॉसॉफिकल गोरमे रिपोर्ट’ हा विभागांच्या प्राध्यापकवर्गाबद्दल इतर तत्त्वज्ञ काय म्हणतात ते मोजतो. त्यावर टीका पुष्कळ झाली आहे आणि २०१४ च्या वादानंतर संपादनही बदललं. एकूण क्रमांक सोडून द्या, विषयवार याद्या पाहा. मग त्या प्राध्यापकांचे अलीकडचे लेख वाचा. वाचताना कंटाळा आला तर ते नाव खोडा. त्यांच्याबरोबर पाच-सहा वर्षं काढायची आहेत.

प्लेसमेंटचं पान सगळ्यात आधी उघडा. कुठल्या वर्षी कोण बाहेर पडलं आणि कुठे लागलं हे नावानिशी दिलेलं असेल तर बरं. फक्त यशस्वी नावंच दिली असतील तर तेही काहीतरी सांगतंच.

खर्चाचं सांगते. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर. दहा अर्ज सरासरी ९० डॉलरने धरले, डॉलर ८५ रुपये धरला, तर ७६,५०० रुपये, टोफेल आणि ट्रान्स्क्रिप्ट वेगळे. फी माफी अनेक ठिकाणी फक्त अमेरिकन नागरिकांना असते. तरी विभागाच्या समन्वयकांना दोन ओळींचा मेल टाका. मला चौदापैकी तीन ठिकाणी माफी मिळाली, आणि तिन्ही ठिकाणी संकेतस्थळावर ‘नाही’ असंच लिहिलेलं होतं.

प्राध्यापकांना आधी मेल करून ओळख काढावी का?

अमेरिकेत गरज नाही. प्रयोगशाळेच्या विषयांत ‘मला तुमच्या लॅबमध्ये घ्या’ असं चालतं. तत्त्वज्ञानात समिती ठरवते. पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का, एवढं विचारायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये उलटं: तिथे अर्ज संशोधन प्रस्तावावर होतो, मार्गदर्शक आधी पाहावा लागतो, आणि प्रवेश मिळाला तरी पैसे मिळतीलच असं नाही.

थेट पीएचडीला अर्ज करू की आधी तिकडे एमए करू?

माझा कल उघड आहे. पुण्या-मुंबईच्या एमएनंतर पुन्हा एमए म्हणजे घरच्यांना मागे गेल्यासारखं वाटतं, पण या विषयात ती नेहमीची वाट आहे. टफ्ट्स, ब्रँडाइस, जॉर्जिया स्टेट, नॉर्दर्न इलिनॉय, विस्कॉन्सिन-मिल्वॉकी या ठिकाणचं एमए पीएचडीच्या तयारीसाठी ओळखलं जातं. यांतल्या काही ठिकाणी अध्यापन सहायकाचं काम आणि फी माफी मिळते, काही ठिकाणी फीचा काही भागच माफ होतो. ते आधी नीट विचारा. ऑक्सफर्डचं दोन वर्षांचं बीफिल नावाने पदवी वाटतं, असतं पदव्युत्तर. ते फार नामांकित, फार महाग. व्हिएन्नाला गेलेलं सेंट्रल युरोपियन विद्यापीठही पाहा.

एमएत काय मिळालं? तिकडच्या तीन प्राध्यापकांची पत्रं, आणि माझ्या निबंधावर ‘हे वाक्य कशासाठी आहे?’ असं समासात सत्तावीस वेळा लिहिणारी एक बाई.

शिष्यवृत्त्या?

अमेरिकेतल्या पीएचडीत फी माफ असते आणि वर्षाला साधारण २० हजारांपासून ५० हजार डॉलरच्या आसपास स्टायपेंड असतो, सहसा पाच वर्षं. फंडिंगशिवाय आलेला होकार मी नकार समजते, आणि कर्ज काढून तत्त्वज्ञानात पीएचडी करू नका असं स्पष्ट सांगते.

एमएसाठी किंवा ब्रिटनसाठी पैसे लागतील तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीही आहे, पण २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले गेले. जातिव्यवस्थेवर तत्त्वज्ञानात काम करू पाहणाऱ्या मुलालाच ती अडते, याहून चमत्कारिक काय असेल? त्या त्या वर्षीची जाहिरात ओळन् ओळ वाचा. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंट ही कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते.

सध्या अमेरिकेत जागा कमी झाल्यात म्हणे?

झाल्यात. बोस्टन विद्यापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांतल्या बारा विषयांचे पुढच्या वर्षीचे पीएचडी प्रवेश थांबवले, त्यात तत्त्वज्ञान होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठाने मानव्यविद्येतल्या काही विभागांत प्रवेश थांबवले, काहींत कमी केले. म्हणून जुन्या वर्षांच्या आकड्यांवरून अंदाज बांधू नका, आणि यादीतल्या प्रत्येक विभागाच्या पानावर ‘या वर्षी अर्ज घेत आहोत’ हे वाचल्याशिवाय कार्ड काढू नका. यादीत एक-दोन तरी कॅनडाची आणि युरोपची नावं असू द्या.

भारतातच पीएचडी केली तर?

तो दुय्यम पर्याय मानू नका, पण तिथली शक्यता वेगळ्या रीतीने मोजावी लागते. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरले जातात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती) असेल तर महिना ३७,००० रुपये आणि तुमचं पारडं एकदम जड. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापक आठ, सहयोगी प्राध्यापक सहा आणि सहायक प्राध्यापक चार विद्यार्थी घेऊ शकतात. म्हणजे तुमच्या विषयाच्या गाइडकडे जागा रिकामी आहे का, हा तुमच्या गुणवत्तेशी काडीचा संबंध नसलेला प्रश्न सगळ्यात आधी येतो. प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरल्या गेल्या नाहीत की गाइडही कमी होतात. विभागात जाऊन विचारा, फोनवर कुणी सांगत नाही. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी विभागाची स्वतःची निवडप्रक्रिया असते आणि मुलाखतीत प्रस्तावावर खरोखर प्रश्न विचारतात.

आई-बाबा विचारतात, पुढे नोकरी काय?

खरं ते सांगा. अमेरिकेत प्राध्यापकाची कायम नोकरी पीएचडी झालेल्यांपैकी अनेकांना मिळत नाही. पीएचडीला पाच ते सात वर्षं लागतात, कधी जास्त. माझ्या बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे सात वर्षं पगार देतायत ना?’ विमा कंपनीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी प्रश्न माझ्यापेक्षा नीट मांडला होता: शेवटी नोकरी नाही मिळाली तरी ही सात वर्षं त्या पगारावर, त्या गावात, ते काम करत काढायला आवडतील का? याचं उत्तर नाही असेल तर चान्सेस मोजण्यात वेळ घालवू नका.

निकाल कधी लागतात? वेटलिस्ट म्हणजे गोड नकार का?

मुदत बहुतेक डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये. मुलाखती फारशा होत नाहीत, झाल्या तर झूमवर थोडा वेळ. वेटलिस्ट खरी असते. होकार मिळालेल्यांना १५ एप्रिलपर्यंत कळवायचं असतं, आणि एकेकाकडे चार-चार होकार असल्याने शेवटच्या दोन दिवसांत यादी भराभर हलते. माझा दुसरा होकार १४ एप्रिलला आला, आपल्याकडच्या पहाटे पावणेचारला. स्वतःकडे नको असलेला होकार असेल तर लगेच नाकारा, रांगेत कुणीतरी जागं आहे.

सगळीकडून नकार आला. कारण विचारावं का?

विचारलं तरी सांगत नाहीत, आणि समितीलाही बहुतेकदा एक असं कारण सांगता येत नाही. पत्र देणाऱ्यांपैकी ज्यांच्याशी मोकळं बोलता येतं त्यांना सँपल पुन्हा वाचायला द्या आणि ‘कसं वाटलं?’ न विचारता ‘कितव्या पानावर लक्ष उडालं?’ असं विचारा. माझ्या मॅडमनी पहिल्या निबंधावर पेन्सिलने आठव्या पानावर रेघ मारली आणि म्हणाल्या, ‘इथे तू बोलायला लागलीस.’ त्याआधीची सात पानं मी त्याच रात्री काढून टाकली.